नव्वद किलोमीटर, सात नाके आणि एक दोरी

स्वीडनच्या दालार्ना प्रांतात दरवर्षी मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता वासालोप्पेत ही स्कीची शर्यत सुटते. सेलेनजवळच्या माळावरून निघून जंगले, गोठलेल्या पाणथळ जागा आणि लहान लहान गावे ओलांडत ती ९० किलोमीटरवरच्या मूरा या गावी, तिथल्या चर्चच्या जवळ संपते. स्पर्धकांची कमाल मर्यादा १५,८०० आहे. मूरा नगरपालिकेच्या हद्दीत, आजूबाजूच्या खेड्यांसह, राहणाऱ्या माणसांची संख्या सुमारे वीस हजार. म्हणजे हा परिसर एका दिवसात जवळजवळ स्वतःच्या लोकसंख्येएवढे पाहुणे अंगावर घेतो, आणि तेही एका जागी बसलेले नव्हे, तर घामाघूम, भुकेलेले आणि ९० किलोमीटरभर विखुरलेले. या पाहुण्यांना खाऊ घालणे, वाट दाखवणे, थकलेल्याला उचलून उबेत नेणे आणि ज्याला पुढे जाऊ देणे धोक्याचे आहे त्याला थांबवणे ही कामे प्रामुख्याने स्वयंसेवक करतात. या मुख्य शर्यतीला जोडून हिवाळी सप्ताहात इतरही शर्यती होतात, त्या सगळ्या मिळून स्वयंसेवकांची संख्या तीन हजारांच्या घरात जाते.

काही वर्षांपूर्वी मी त्यांच्यातला एक होतो. एका सहकाऱ्याच्या मुलीच्या क्रीडा मंडळाला माणसे कमी पडत होती, म्हणून मी एका रविवारसाठी नाव दिले. शेवटच्या तीन नाक्यांपैकी एका नाक्यावर त्या दिवशी जे पाहिले, त्याच्या आधारे या व्यवस्थेचा अभ्यास मी येथे मांडत आहे. त्यातही एका प्रसंगावर माझा विशेष भर आहे, कारण स्वयंसेवा या शब्दाचा माझ्या मनातला अर्थ त्या प्रसंगाने बदलला.

पार्श्वभूमी

शर्यतीचे मूळ एका ऐतिहासिक कथेत आहे. डेन्मार्कचा राजा दुसरा क्रिस्तियान याच्याविरुद्ध उठाव करण्यासाठी गुस्ताव वासा या तरुण सरदाराने मूराच्या लोकांना हाक दिली, त्यांनी आधी नकार दिला, तो नॉर्वेच्या दिशेने निघून गेला, आणि मन बदललेल्या गावकऱ्यांनी त्याला परत आणण्यासाठी दोन स्कीपटू पाठवले, त्यांनी त्याला सेलेनजवळ गाठले, अशी ती कथा. पुढे १५२३ मध्ये तो स्वीडनचा राजा झाला. या घटनेच्या स्मरणार्थ शर्यत भरवावी असा लेख आंद्रेश पेर्श या वृत्तपत्रकाराने फेब्रुवारी १९२२ मध्ये लिहिला आणि त्याच वर्षी १९ मार्चला ११९ स्कीपटू प्रत्यक्ष धावलेही. लेख छापून येण्यापासून शर्यत होण्यापर्यंत सहा आठवडेसुद्धा लागले नाहीत. पहिला विजेता एर्न्स्ट आल्म याला साडेसात तासांहून थोडा अधिक वेळ लागला. २०२१ मध्ये, महासाथीमुळे फक्त अव्वल स्कीपटू प्रेक्षकांविना धावले, त्या वर्षी तूर्द आस्ले येर्दालेन याने हेच अंतर ३ तास २८ मिनिटांत कापले. स्त्रियांना मात्र १९२४ पासून या शर्यतीत मनाई होती आणि ती उठायला १९८१ साल उजाडावे लागले, ही गोष्ट या गौरवशाली इतिहासाच्या जोडीने सांगायलाच हवी.

आपल्या विषयासाठी इतिहासापेक्षा मालकी महत्त्वाची आहे. वासालोप्पेतची मालकी एखाद्या खासगी कंपनीकडे किंवा सरकारी खात्याकडे नाही. ती मूरा आणि सेलेन येथील दोन क्रीडा मंडळांकडे आहे. शर्यतीतून उरणारा पैसा या भागातल्या खेळांकडे वळतो. स्वयंसेवकाला स्वतःला मजुरी मिळत नाही. त्याने दिलेले तास त्याच्या मंडळाच्या नावावर मांडले जातात आणि त्या तासांचा मोबदला मंडळाच्या खात्यात जमा होतो. त्यातून कुठे मुलांच्या स्कीवर्गाचा खर्च भागतो, कुठे प्रवासासाठी गाडी भाड्याने घेतली जाते. नाक्यावर माझ्या शेजारी उभा असलेला सुतार दहा तास राबून घरी रिकाम्या हाताने गेला, पण त्याच्या नातवाच्या संघाचा हंगाम त्यातून थोडा सुकर झाला. काम एकाचे आणि फळ मंडळाचे, हा या प्रकरणाचा पाया आहे. तो लक्षात घेतला नाही, तर एवढी माणसे पहाटे पाच वाजता जंगलात का येतात हे कळणार नाही.

आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या वाटेवर गावोगाव दिंड्यांना भाकरी-पिठले वाढणारे हात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या दृश्यात ओळखीचे काही दिसेल. मलाही दिसले. परंतु वारीत वाढणारा पुण्य जोडतो आणि हिशेब विठ्ठलावर सोडतो. येथे तास वहीत लिहिले जातात आणि कोणालाही त्यात कमीपणा वाटत नाही.

नाक्यावरचे काम

वाटेत सात नाके आहेत. स्मोगान ११ व्या किलोमीटरला, मोंग्सबुदार्ना २४ व्या, रिसबेरी ३५ व्या, त्यानंतर जवळपास अर्ध्या वाटेवर एवर्ट्सबेरी, मग ऑक्सबेरी, होकबेरी आणि ८१ व्या किलोमीटरला एल्द्रिस. कागदावर हे सातही सारखे दिसतात, कारण सगळीकडे पेय, खाणे, काठी मोडलेल्यासाठी मदत आणि थांबणाऱ्यासाठी बस असते. प्रत्यक्षात मात्र त्यांची कामे एकमेकांपासून फार वेगळी आहेत आणि त्याचे कारण निव्वळ अंकगणित आहे. सुरुवातीच्या अरुंद चढावर सगळे एकत्र अडकतात आणि स्मोगानपर्यंत त्यांच्यातले अंतर अजून फारसे वाढलेले नसते. पंधरा हजार माणसे साधारण दोन तासांत तिथून गेली असे धरले, तर सेकंदाला दोन माणसे समोरून जातात. एल्द्रिसला पहिला स्कीपटू दुपारच्या आधी पोहोचतो आणि शेवटचे संध्याकाळी अंधार पडल्यावर. म्हणजे तिथे तीच संख्या सात-आठ तासांत पसरते. स्मोगानला थोड्या वेळासाठी खूप हात लागतात. शेवटच्या नाक्यांवर हात कमी लागतात, पण दिवसभर उभे राहू शकतील अशी माणसे लागतात, कपाळावर दिवे लागतात आणि समोरचा माणूस नुसता दमला आहे की आजारी आहे हे ओळखणारी नजर लागते. स्वयंसेवकांची विभागणी नाक्याच्या लांबीरुंदीवर न करता गर्दीच्या या आकारावर करावी लागते, आणि हे ज्ञान येथल्या गावांमध्ये तोंडोतोंडी चालत आले आहे.

माझ्याकडे ब्लोबेरसोप्पा वाटण्याचे काम होते. ब्लूबेरीसारख्या निळ्या रानफळांचे हे दाट, गोड, जांभळे सार या शर्यतीची खूणच होऊन बसले आहे. काम सोपे वाटले होते. पहिल्या तासातच नाक्याची प्रमुख, पासष्टीच्या पुढची एक बाई, माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अर्धाच भर. आणि वरून धर." मी पेले काठोकाठ भरत होतो आणि तळाशी धरत होतो. स्कीपटूच्या मनगटांना काठ्यांचे पट्टे बांधलेले असतात, त्यामुळे त्याला फक्त बोटांची पकड मोकळी असते. पेला मी वरच्या कडेला दोन बोटांत धरला, तर त्याला खालचा भाग पंजात घेता येतो. मी खालून धरला, तर आमची बोटे एकमेकांत अडकतात आणि सार दोघांच्या बाह्यांवर सांडते. भरलेला पेला चालत्या माणसाच्या हातात निम्मा रिकामा होतोच, मग ते निम्मे सार बर्फावर का घालवायचे? सार ऊन हवे, पण कढत नको, कारण दमलेला माणूस फुंकर घालत बसत नाही, एका घोटात संपवतो. एवढे तीन नियम. मला ते कोणत्याही पुस्तिकेत वाचल्याचे आठवत नाही. त्या बाईंना मात्र ते तीसेक वर्षांच्या रविवारांनी शिकवले होते.

थंडीबद्दल वेगळे सांगणे आवश्यक आहे, कारण स्पर्धकाची थंडी आणि स्वयंसेवकाची थंडी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या पहाटे उणे तेरा अंश होते, दुपारी पारा शून्याच्या जवळ आला आणि सूर्य कलताच पुन्हा झपाट्याने उतरला. धावणाऱ्याचे शरीर भट्टीसारखे चालू असते. एका जागी उभ्या असलेल्याची ऊब मात्र तळपायांतून बर्फात झिरपत जाते. म्हणून टेबलांच्या मागे लाकडी फळ्या टाकलेल्या होत्या आणि त्यांवर उभे राहण्याबद्दल आग्रह होता. लोकरीच्या मोज्यांवर सार सांडले तर ते लगेच बदलायचे, दर तासाला आळीपाळीने आत शेकोटीपाशी जाऊन यायचे आणि "मला थंडी वाजत नाही" असे म्हणणाऱ्याला आधी पाठवायचे. हा शेवटचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण नवा स्वयंसेवक उत्साहाच्या भरात स्वतःच्या बोटांकडे दुर्लक्ष करतो आणि मग त्याचीच शुश्रूषा करण्यासाठी दोन माणसे गुंततात. मी दुपारी तसेच म्हणालो आणि मला आत पाठवण्यात आले. हातमोजे काढल्यावर करंगळी पांढरी पडलेली दिसली.

दोरी

आता मुख्य प्रसंग. प्रत्येक नाक्याची एक ठरलेली वेळ असते. ती उलटली की वाटेवर आडवी दोरी ताणली जाते आणि त्यानंतर येणाऱ्याची शर्यत तिथेच संपते. स्वीडिश भाषेतही या मुदतीला शब्दशः दोरीची वेळ असेच म्हणतात. मूराला शेवटचा माणूस साधारण बारा तासांत पोहोचावा असा एकूण हिशेब असतो, म्हणजे सरासरी ताशी साडेसात किलोमीटर. सरावलेल्या स्कीपटूला हा वेग काहीच नाही. वर्षभर शहरात राहून चाकांच्या स्कीवर सराव केलेल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा ९० किलोमीटर जाणाऱ्या माणसासाठी तो फार असतो, विशेषतः सुरुवातीच्या चढावरच्या खोळंब्यात बराच वेळ गेला असेल तर.

दुपार कलली होती, झाडांच्या सावल्या वाटेवर पूर्ण आडव्या पडल्या होत्या आणि थंडीने बर्फातल्या स्कीच्या खाचा पुन्हा कडक व्हायला लागल्या होत्या. प्रमुख बाईंनी दोरीचे एक टोक एका तरुणाच्या हाती दिले, दुसरे स्वतः धरले आणि घड्याळाकडे पाहत उभ्या राहिल्या. शेवटच्या मिनिटात चार जण आले. आम्ही सगळ्यांनी ओरडून त्यांना आत घेतले, कोणी सार पाजले, कोणी पाठीवर हात ठेवून ढकलले. मग दोरी ताणली गेली. त्यानंतर वळणावर एक माणूस दिसला. तो चालत नव्हता आणि धावतही नव्हता, काठ्यांवर रेलून पुढे पुढे सरकत होता. तो दोरीपाशी आला तेव्हा दोन मिनिटे होऊन गेली होती. त्याने दोरीकडे पाहिले, मग आमच्याकडे, आणि म्हणाला की तो तिसऱ्यांदा आला आहे आणि आधीच्या दोन्ही वेळा याच्याही अलीकडे थांबवला गेला होता.

मी मागून प्रमुख बाईंना हळूच म्हणालो, "दोनच मिनिटे आहेत." त्यांनी मला उत्तर दिले नाही. हातातली दोरी न सोडता त्या त्या माणसाच्या अगदी जवळ गेल्या आणि त्याला म्हणाल्या, "आज इथपर्यंत. आधी सार घे." दुसऱ्या एकीने तोवर त्याच्या खांद्यावर घोंगडी टाकली होती. तरुणाने वाकून त्याच्या स्की सोडवल्या, कारण त्याची स्वतःची बोटे वळत नव्हती. मग घोट्याला बांधलेली वेळ मोजणारी पट्टी काढून घेतली. तो रडला. बाई काही न बोलता त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या, आणि तो बसमध्ये चढेपर्यंत त्यांनी घड्याळाकडे पाहिले नाही.

बस गेल्यावर त्यांनी मला उत्तर दिले. पुढच्या नाक्यावरही दोरी आहे, म्हणजे हा माणूस आज मूराला पोहोचणार नव्हताच. फरक एवढाच पडला असता की तो इथे दिव्यांत, लोकांत न थांबता मधल्या जंगलात, अंधारात आणि उणे दहात थांबला असता, आणि त्याला शोधायला बर्फावरची मोटारगाडी घेऊन गावातलाच कोणाचा तरी मुलगा गेला असता. "माझ्या दोन मिनिटांची किंमत तो मोजतो," असे त्या म्हणाल्या.

विश्लेषण

या प्रसंगात मला तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. पहिली अशी की नकार देण्याचे काम सर्वांत अनुभवी व्यक्तीने स्वतःकडे ठेवले होते. अनेक स्पर्धांमध्ये याच्या उलट घडते. कटू काम नवख्याकडे ढकलले जाते, आणि नवखा एक तर विरघळतो किंवा घाबरून कठोर होतो. मी त्या जागी असतो तर विरघळलो असतो, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो, आणि ती माझी दया नसून माझे अज्ञान ठरले असते. दुसरी गोष्ट, नकाराबरोबर देण्यासारखे काहीतरी हातात तयार होते. सार, घोंगडी, बस, सोबत उभे राहणारे माणूस हे सगळे दोरी ताणण्याआधीच जागेवर होते. ज्या नाक्यावर नुसती दोरी असेल आणि उबदार बस यायला अर्धा तास लागणार असेल, तिथे तोच नियम क्रूर होतो. तेव्हा दोरी धरणारे हात आणि बस वेळेवर आणणारे हात यांचे वेळापत्रक एकच असावे लागते. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या बाईंना मर्यादा पाळण्याचे कारण माहीत होते, कारण चूक झाली तर भोगणारा त्यांच्या ओळखीचा असणार होता. नियम वरून आला होता, तरी तो त्यांचा स्वतःचा झालेला होता. बाहेरून आलेल्या माझ्यासारख्याला नियमाची वेळ सांगता येते, पण त्या जंगलाचा अंधार सांगता येत नाही.

म्हणून बाहेरच्या स्वयंसेवकांना कोणती कामे द्यावीत याविषयी माझे मत पक्के झाले आहे. वाटप, आवराआवर, कपड्यांच्या पिशव्या लावणे, ओरडून उत्तेजन देणे या कामांत परका माणूस एका तासात तयार होतो. दोरी, थकलेल्याची पारख आणि नाक्याचे नेतृत्व ही कामे मात्र गावात मुरलेल्या माणसांकडेच राहावीत, आणि ती माणसे पुढच्यांना शिकवतील अशी सोय दरवर्षी मुद्दाम करावी. त्या दिवशी दोरीचे दुसरे टोक तरुणाच्या हाती होते, ही गोष्ट मला नंतर उमगली. ते शिक्षणच होते.

या व्यवस्थेवर आक्षेपही घेता येतात आणि ते दुर्लक्षण्यासारखे नाहीत. मंडळात मूल घातले की पालकांनी काही तास द्यायचेच, असा रिवाज स्वीडनच्या अनेक क्रीडा मंडळांत आहे. त्याला स्वयंसेवा म्हणावे की वर्गणी, हा प्रश्न योग्य आहे. ज्या आईला रविवारी कामावर जावे लागते तिला हे तास जड जातात. माझ्या मते ती वर्गणीच आहे, आणि तसे उघडपणे म्हटल्याने तिची प्रतिष्ठा कमी होत नाही. उलट तसे म्हटले की ज्याला तास देणे शक्य नाही त्याच्यासाठी पर्याय काढता येतो. दुसरा प्रश्न वयाचा आहे. वाटेवरच्या खेड्यांतली तरुण मंडळी शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी दक्षिणेकडच्या शहरांत जातात. आमच्या नाक्यावर साठीच्या पुढचे लोक बहुसंख्य होते. ते पहाटे सर्वांत आधी आले आणि रात्री सर्वांत शेवटी गेले, याचे मला कौतुक वाटते, तितकीच काळजीही वाटते.

तिसरी अडचण हवामानाची. बर्फाअभावी शर्यत आजवर तीनदा रद्द झाली आहे, १९३२, १९३४ आणि १९९० मध्ये. आता हिवाळा मऊ निघाला तर कृत्रिम बर्फ तयार करून वाटेवर पसरला जातो, आणि ते काम शर्यतीच्या कितीतरी आधी सुरू होते. म्हणजे स्वयंसेवेचा भार एका रविवारापुरता न राहता हिवाळाभर पसरत चालला आहे. शर्यतच झाली नाही तर तासही नाहीत आणि मंडळाच्या खात्यात पैसाही नाही. एका रविवारावर मुलांच्या वर्षभराच्या खेळाचा मोठा भाग टांगलेला असणे ही या रचनेची ताकद आहे, आणि तिचा कच्चा दुवाही तोच आहे.

त्या संध्याकाळी आठच्या सुमारास मूराला शेवटचे स्कीपटू पोहोचत होते, तेव्हा आम्ही कपाळावरच्या दिव्यांच्या उजेडात पेले वेचत होतो. टेबलांसमोरचा वीस-तीस पावलांचा बर्फ सारा जांभळा झाला होता आणि गोठलेल्या सारात रुतून बसलेले पेले फावड्याने उकरावे लागत होते. प्रमुख बाई लाकडी फळ्या एकावर एक रचत होत्या. माझे नाव वहीत कोणत्या मंडळासमोर लिहायचे, असे त्यांनी विचारले. मी सहकाऱ्याच्या मुलीच्या मंडळाचे नाव सांगितले. त्यांनी त्यासमोर तेरा तास लिहिले, दोरीची गुंडाळी करून ती तरुणाच्या हातात दिली आणि पुढच्या वर्षी ती कोरडी करून आण असे त्याला बजावले.